समई आत जाणार नाही

डिसेंबर लागला की नुंगंबाक्कमच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळची एक ठरलेली धांदल असते. सासूबाई कापसाच्या वाती वळतात. नवरा श्रीपेरुंबुदूरहून कंपनीच्या बसने येतो, हातपाय धुतो आणि समईत तिळाचं तेल घालतो. मुलगी मराठी बायबलातला उतारा अडखळत वाचते, कारण शाळेमुळे तिला तमिळच सोपं जातं. मग सासूबाई टाळ घेतात आणि आम्ही सगळे मिळून एक भजन म्हणतो. नाताळपर्यंत हे रोज चालतं.

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, बाकीचे ख्रिस्ती लोक हिरव्या पानांच्या चक्रात मेणबत्त्या लावतात. दर रविवारी एक वाढते, अशा चार, आणि नाताळला मधली पाचवी. आमच्या नगरच्या घरी चक्र कधी आलंच नाही. समईला पाच वातींची जागा असतेच, मग वेगळं कशाला आणायचं? सासऱ्यांनी तिच्या टोकावर मोराऐवजी क्रूस बसवून घेतला होता, एवढाच काय तो फरक.

यंदा तिसऱ्या रविवारी चर्चच्या एका गटाची प्रार्थना आमच्या घरी होती. आदल्या दिवशी त्या गटाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. तमिळमध्ये, फार गोड आवाजात त्या म्हणाल्या, “अक्का, तो विळक्कु उद्या आत ठेवा. ती हिंदूंची पद्धत. समोर असला तर आम्हाला प्रार्थना करता येणार नाही.”

माझं डोकंच फिरलं. इथल्या मराठी मंडळात गेले की लोक म्हणतात, “ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता!” जणू मी ते क्लास लावून शिकले. इकडे चर्चला आमची समई जास्त झाली. किती जणांसाठी किती वेळा स्वतःला कापून लहान करायचं?

“समई आत जाणार नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला ती बघवत नसेल तर व्हरांड्यात खुर्च्या टाकते.”

फोन बंद झाला. मुलगी कोपऱ्यातून ऐकत होती. तिच्या गाणाऱ्या मैत्रिणी याच गटातल्या. त्या पहिल्यांदाच आमच्या घरी येणार म्हणून आठवडाभर तिची तालीम चालली होती.

“मम्मा, प्लीज, एकच दिवस! देव काय रागावणार आहे का?”

“देव नाही, मी रागावेन.”

रविवारी कुणीही आलं नाही. करंज्यांचं ताट झाकलेलं राहिलं. मैत्रिणींना आईबापांनी धरून ठेवलं असेल, पण एकही फिरकली नाही. मुलगी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर बसून हमसाहमशी रडायला लागली.

सासूबाई उठल्या आणि बोटं ओली करून त्यांनी एक वात चिमटीत विझवली. “घे गं, ठेव ही समई माझ्या कपाटात,” त्या मला म्हणाल्या. “पितळेपायी पोरीला एकटं पाडायचं का?”

सगळ्या चर्चशी भांडायची माझी तयारी होती, पण या प्रश्नाशी नव्हती. सासूबाईंचा हात दुसऱ्या वातीकडे गेला.

“आजी, वेंडाम!” मुलीने धावत येऊन त्यांचं मनगट धरलं. “नको. तू का विझवतेस? त्या आल्या नाहीत, ती त्यांची चूक आहे.” नाक पुसत तिने काडी ओढली आणि विझलेली वात पुन्हा लावली. भजनाला आवाज तिचाच सगळ्यात मोठा होता.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मी सवयीने मागच्या बाकाकडे वळले. मुलीने माझा हात ओढला आणि थेट त्या बाईंच्या बाकाशी नेऊन उभं केलं. आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात ती तमिळमध्ये म्हणाली, “आँटी, आज संध्याकाळी आमच्याकडे चौथी वात आहे. आजी लावणार आहे. तुम्ही याल ना?”

बाई गीतांच्या पुस्तकात बघत राहिल्या. मुलगी उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली, आणि मीही तिच्या शेजारून हलले नाही.