निर्जळी उपास

"ताई, तोंड उघडा जरा. हा करा बघू."

हॅनोव्हरच्या मंडळाचा गणपती. शनिवारची दुपार, भाड्याने घेतलेला हॉल. मुलांना बुद्धिबळ शिकवायला मी टेबलावर बसले होते. समोर तीन पट, सहा मुलं. हे बोलणाऱ्या वैशालीताई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे साहेब.

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई. मी तोंड उघडलं. हा केलं.

त्यांनी अपमान केला हे लिहायला सोपं आहे. मी मुकाट्याने तोंड उघडलं, हे लिहिताना हात अडतो.

त्यांनी नाक जवळ आणलं. हुंगलं. मग मुलं बघतायत हे लक्षात आल्यावर हसल्या. "काही नाही रे, काकूंना उपास झेपत नाहीत, म्हणून बघितलं. ताई, तुम्ही आत या, मोदकांची पातेली पडलीयेत." आणि माझ्या कानाशी, हळूच, "तुमची अब्रू आम्हीच राखतोय. विसरू नका."

तो उपास काय होता, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आरतीचं ताट माझ्या हातून पडलं. निरांजनातलं कढत तूप वैशालीताईंच्या मुलीच्या, ईराच्या, पायावर सांडलं. ती तेव्हा सात वर्षांची. मी सकाळपासून थर्मासमधून वोडका पीत होते. वर बडीशेप चघळत होते. मला वाटायचं, कळत नाही कुणाला.

नवरा पटकन म्हणाला, "काल हरतालिका झाली ना. निर्जळी केली हिने. चक्कर आली."

बायका हळहळल्या. "इतकं कडक करू नये हो या वयात!" कुणी वारा घातला, कुणी लिंबाचं सरबत आणलं. तिकडे नळाखाली पाय धरून पोर किंचाळत होती आणि इकडे माझ्या उपासाचं कौतुक चाललं होतं. मी ते ऐकून घेतलं. सरबतही प्यायले.

पुढच्या वसंतात मी रेहाला गेले, व्यसनमुक्तीच्या क्लिनिकमध्ये. मंडळात सांगितलं, कंबरदुखी. साहेबांना मात्र नवऱ्याने खरं सांगितलं. म्हणून वैशालीताईंना ते ठाऊक.

क्लिनिकमध्येही फुंकावं लागायचं. दर सोमवारी, यंत्रात. प्राध्यापक, ट्रकवाला, मी, एका रांगेत. तिथे मला कधी लाज वाटली नाही. नियम सगळ्यांना होता.

औषधं आणि गटातल्या बोलण्याच्या जोडीला तिथे बुद्धिबळ असायचं. थेरपिस्टबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे बघा, याने दारू सुटत नाही. फक्त हात पुढे जायच्या आधी थोडा वेळ मिळतो." चाल आधी कागदावर लिहायची. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचं आणि समोरचा काय करेल ते मनात बघायचं. मगच मोहरं उचलायचं. एकदा हात लावला की तेच चालवायचं, माफी नाही. पहिले दोन आठवडे मी रोज वजीर घालवला. हात पुढे, डोकं मागून. माझं पिणंही तसंच होतं.

त्या शनिवारी मी पातेली घासली नाहीत. कोट घेतला आणि समोरच्या सुपरमार्केटात शिरले. पाय आपोआप बाटल्यांच्या रांगेत गेले. सोळा महिन्यांत मी तिकडे फिरकले नव्हते. हात वर गेला.

मग मी पर्समधून पेन काढलं. जुन्या पावतीच्या मागे लिहिलं: वोडका. हात काखेत दाबून धरले. आता समोरचा काय करेल?

वैशालीताई पुन्हा हुंगतील. या वेळी त्यांचं खरं असेल. नवरा म्हणेल, उपास. बायका सरबत आणतील. एवढंच. मला कुणी अडवणार नाही. उपासाच्या आडोशाने मी मरेपर्यंत पिऊ शकते, आणि मंडळाची अब्रू शाबूत राहील. त्यांना माझी दारू नको होती असं नाही. तिचं नाव नको होतं.

पावती खिशात टाकली आणि परत गेले.

ईरा घोडा हातात धरून बसली होती. नऊ वर्षांची झालीये आता. सँडलच्या पट्ट्याखाली तो डाग दिसतो, नाण्याएवढा, चकचकीत. मी समोर बसले आणि मोठ्याने म्हणाले, "ईरा, तुझा पाय माझ्यामुळे भाजला. मला उपास नव्हता. मी दारू प्यायले होते. माझं चुकलं."

नवरा म्हणाला, "अगं, मुलांसमोर काय हे!"

"ताई, पुरे. उठा तिथून," वैशालीताई.

ईराने मान वर केली. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्येच देते. "वाइस इश," म्हणाली. माहितीये मला. "तुझ्या तोंडाला वास येत होता. मी तेव्हाच ममाला सांगितलं होतं. ममा म्हणाली, असं बोलायचं नसतं."

वैशालीताई वळून आत पातेल्यांकडे गेल्या.

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. भाजल्या पायाच्या पोरीला माझ्या अब्रूसाठी गप्प बसवलं होतं, आणि मी तेव्हा सरबत पीत होते. ईराने मला माफ केलं नाही. घोडा पटावर ठेवला आणि निघून गेली. तिने केलं ते बरोबरच.

मुलांच्या टेबलावरून मला काढलंय. मान्य आहे, तो आईचा हक्क आहे. पण हुंगण्यासाठी कुणापुढे तोंड आता उघडणार नाही. कुणाच्या सांगण्यावरून पातेल्यांमागे लपणार नाही. नवऱ्यालाही सांगितलंय, माझ्या वतीने एक शब्द खोटा बोलायचा नाही. मी दारुडी आहे. सोळा महिने प्यायले नाही. उद्याचं माहीत नाही.

पुढच्या हरतालिकेला मी पोटभर जेवणार आहे. त्याच हॉलमध्ये, सगळ्यांच्या पुढ्यात बसून.