काकांचा उजवा कौल

देवाला आपल्याकडून नेमकी कोणती सेवा हवी आहे, हे आमच्या शेजारच्या काकांइतकं पक्कं ठाऊक असलेला माणूस अख्ख्या लालबागमध्ये सापडणार नाही. बाकीची माणसं बिचारी अडाणी. कुणी पडलं की उचलतात, कुणी हाक मारली की ओ देतात. काकांच्या मते हा निव्वळ उतावळेपणा. "पडलो तेका उचलूचो की नाय, तां आधी देवाक ईचारूक नको?" असं ते मला मालवणीत सुनावायचे, आणि तोवर पडलेला माणूस स्वतःच उठून कपडे झटकून घरी गेलेला असायचा.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी उरलेलं आयुष्य सेवेला वाहिलं, आणि तसं चाळीतल्या प्रत्येकाला जिन्यात गाठून कळवलंही. फक्त सेवा कोणती ते देव ठरवणार होता. त्यासाठी गावच्या देवळात लावतात तसा कौल ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत लावायचे. पितळेच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि मांडी घालून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ही उजवी देवाची बरं का, आपली नव्हे. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, म्हणजे त्याची उजवी ती आपली डावी. हे ते दर वेळी नव्याने समजावून सांगत, जणू आम्ही सगळे कालच विमानातून उतरलो होतो. डोक्यावर पंखा गरगरत असे. काकींचं म्हणणं होतं की त्या घरात देव बोलत नाही, पंखा बोलतो. पण काकींना विचारावं असा कौल काही कधी लागला नाही.

एक मात्र मानलं पाहिजे, देवाला काकांच्या गुडघ्यांची फार काळजी. गच्चीवरची पाण्याची टाकी घासायची होती, डावा कौल. खालच्या मजल्यावरच्या लग्नाच्या खुर्च्या वर चढवायच्या होत्या, डावा कौल, तोही इतक्या झटपट की काकांचं बोलणंही पुरं झालं नव्हतं. गणपतीत मंडपात बसून प्रसाद वाटायचा म्हटलं की मात्र उजवा, आणि शोकसभेत चार शब्द बोलायचे म्हटलं तर उजव्यावर उजवा. काका चार शब्द सुरू करत तेव्हा मयताचे नातेवाईक शोक विसरून घड्याळाकडे बघू लागत. ही सुद्धा सेवाच म्हणायची. एकदा तर देवाने त्यांना परळच्या एका हॉस्पिटलबाहेर उभं राहून गावाहून आलेल्या पेशंटांना वाट दाखवायची आज्ञा केली. आतला भाग काकांनी कधीच पाहिला नव्हता, पण देवाने सांगितल्यावर अशा किरकोळ गोष्टी कोण बघतो? पांढराशुभ्र शर्ट घालून ते फाटकाशी उभे राहिले आणि दाढ दुखणाऱ्या एका भल्या माणसाला त्यांनी थेट बाळंतिणींच्या वॉर्डात धाडलं. "तो तासभर बसलो थंय," काकांनीच मला सांगितलं, "दोगा-तिगांनी अभिनंदन पण केल्यानी."

असं सगळं मजेत चाललं असताना माझ्या आईचं, म्हणजे काकांच्या वयनीचं, डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा वाजता. आमच्या चाळीला लिफ्ट नाही. घरात आम्ही दोघीच. बँकेतली माझी रजा संपली, मग बिनपगारी रजाही संपली, आणि साहेबांनी एके दिवशी फार गोड आवाजात मला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली तर उपचार कशावर करायचे, आणि नोकरीवर गेले तर आईला तीन जिने कोण उतरवणार? दुसरं कुणीच उरलं नाही तेव्हा मी काकांकडे गेले. देवाला त्यांच्या गुडघ्यांबद्दल काय वाटतं ते माहीत असूनही गेले.

"देवाक ईचारूक होया गो बाय," ते म्हणाले. ते तसं म्हणणार हे मला ठाऊकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कौल लावला. मी दारातच उभी होते, काकी ओट्याशी. काकांनी स्वतः उठून पंखा बंद केला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग एक पाकळी अलगद घसरून खाली आली. डावी. देवाची डावी. मला तिथे उभं राहवेना. मी वळले, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"उजवी पडली!"

"उजवी?" काकी ओट्याशीच वळल्या. "ती तर आपली उजवी. इतकी वर्सां देवाची धरलात, आज आपली खयसून इली?"

काकांनी पाकळी उचलून ताम्हनात ठेवली. "काम आपल्या वयनीचां आसा," ते म्हणाले, "मगे उजवी पण आपलीच."

त्यानंतर दीड वर्ष काकांनी माझ्या आईला तीन जिने उतरवलं आणि चढवलं. प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवलेली असे, ती त्यांनीच चढवली होती. तिथे पाच मिनिटं दोघं टेकत आणि गावाकडच्या माणसांची यथेच्छ निंदा करत. डायलिसिसच्या चार तासांत काका तिला पेपर वाचून दाखवत, म्हणजे स्वतःची मतं ऐकवत. "त्या मशीनपेक्षा हेच जास्त रक्त पितात," असं आई म्हणायची, आणि शुक्रवारी परत आली की सोमवारची साडी काढून ठेवायची. मी ऑफिसात बसून हिशेब तपासत होते ते केवळ ह्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या जिवावर, आणि हे मी त्यांना कधीही सांगितलं नाही. आमच्यात असं बोलत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. शोकसभेत चार शब्द बोलायला काका उठले, आणि एकही न बोलता खाली बसले.

तेरावं झालं. पुढच्या सोमवारी मी अजून रजेवरच होते. सकाळी साडेदहाला दार वाजलं. दारात काका, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"काय काम आसा काय गो?" त्यांनी विचारलं.

मला हसूही आलं आणि रडूही. सवयीने मी टोमणा मारला, "काका, देवाला विचारून आलात ना?"

"नाय," ते म्हणाले. "तुका ईचारतंय."

घरात खरं तर काहीच काम नव्हतं. मी त्यांना हाताला धरून आत आणलं, आईच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, खूप आहे काका, बसा.