अँटिबॉडीची कुपी आणि जतची मेंढरं

ज्या कुपीसाठी मी सांगलीहून साताऱ्यापर्यंत एसटीत थर्मास मांडीवर घेऊन बसले, ती माझ्या करंगळीच्या पेराएवढी होती. शेजारच्या आजींनी विचारलं, "आइस्क्रीम हाय व्हय?" मी म्हटलं, "औषध आहे." औषध नव्हतंच ते, पण अँटिबॉडी म्हणजे काय हे समजावायला माझ्याकडे तेव्हा धीर नव्हता. तो एरवीही फारसा नसतो.

मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याचं कॉलेज बंद, म्हणून पार्सल आमच्या सांगलीच्या घरी आलं होतं. सुट्टी संपेपर्यंत ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला मन धजेना, म्हणून मीच ते घेऊन लॅबकडे निघाले. कराडजवळ गाडी बंद पडली. थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालेलं मला हाताला कळत होतं. मी कंडक्टरशी भांडले. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी काय ढकलू का आता?"

या कुपीवर माझी पीएचडी अडली होती. उन्हाचा तडाखा बसला की पेशी एक खास प्रथिन तयार करतात, आतली मोडतोड सावरायला. ही अँटिबॉडी ते प्रथिन बरोबर शोधून त्याला चिकटते, आणि रक्तातली प्रथिनं उतरवलेल्या पट्टीवर तिथे काळी रेघ उमटते. प्रथिन नसेल तर रेघ नाही. जतची मेंढरं एवढं ऊन कशी सोसतात, हे मला या रेघांवरून पाहायचं होतं. दहा मेंढरांचं रक्त आधीच आणून ठेवलेलं होतं. दुसरी कुपी मिळणार नव्हती आणि माझ्या गाइड मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या.

पट्टी कोरी आली. दहा मेंढरांची दहा घरं, आणि नीट बघितलं तर कुठेतरी पुसटसा डाग. जतच्या एप्रिलमधली मेंढरं आणि रेघ नाही, म्हणजे कुपी खराब झाली, आणि ती मीच एसटीत खराब केली. मी मॅडमना सगळं सांगून टाकलं आणि रडले.

मॅडमनी पट्टी उजेडात धरली. "कंट्रोल कुठाय?"

नक्की तापवलेलं असं एखादं रक्त सोबत लावायचं असतं, म्हणजे अँटिबॉडी काम करते की नाही ते कळतं. मी दहाही घरांत मेंढरंच भरली होती.

"एवढी घाई कसली असते गं तुला?" म्हणत त्यांनी बाही वर सारली. "माझं घे. या प्रथिनात माणूस आणि मेंढरू जवळजवळ सारखेच. आणि माझं डोकं किती तापतं ते आमच्या घरी विचार." काढलेल्या रक्तापैकी निम्मं आम्ही गरम पाण्यात ठेवलं, निम्मं तसंच. तापवलेल्या रक्ताची रेघ काजळ ओढल्यासारखी उमटली. कुपी ठणठणीत होती. मला मॅडमना मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली.

मग मेंढरांचं काय? मी जतच्या मेंढपाळ मामांना फोन लावला. मेंढरं त्यांचीच.

"मामा, त्या दिवशी मेंढरं उन्हात होती ना?"

"छ्या. उनात कशापायी? तुमी रगत काडणार म्हनल्यावर आदल्या दिसापास्नंच चिंचंखाली बांदली की. टँकरचं पानी पाजलं. गूळ बी चारला वाईच."

"पण का?"

"आवं ताई, आमच्या गावात साहेबांच्या वाढदिवसाला रगतदानाचं शिबिर असतंय. मला आडवं निजवलं, च्या दिला, बिस्कीट दिलं, उनात जाऊ नगा म्हनले. मान्साला येवढं करत्यात, तर मुक्या जनावराचं रगत तसंच काडायचं?"

मला ओरडायचं होतं. खरंच होतं. पण फोन ठेवून मी हसत सुटले, आणि मॅडमही.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मेंढरं नेहमीसारखी माळावर चरत दुपारपर्यंत उन्हातच राहणार होती. मामांना हे पटलं नव्हतं. मेंढरांमध्ये तेही उभे होते. मी त्यांना चिंचेखाली बसा म्हटलं, तर म्हणाले, "ह्येंनी उनात आन् मी सावलीत, कसं दिसतंय ते?" शेवटची सुई निघाली तशी त्यांनी पाण्याची बादली पुढे केली. मला तो माणूस फार आवडला, आणि फोनवर मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले होते याची लाज वाटली.

या वेळी दहाच्या दहा रेघा आल्या. मॅडमनी पहिली कोरी पट्टी मागून घेतली आणि नव्या पट्टीच्या वर ठेवली. "तीच मेंढरं, विश्रांतीत आणि उन्हात. हे तुला सुचायला हवं होतं, सुचलं मामांना." प्रबंधात दोन्हींचे फोटो तसेच एकाखाली एक छापले आहेत.

प्रत द्यायला मी जतला गेले. मामांना इंग्रजी येत नाही. मी ते पान उघडून दाखवलं. खालच्या काळ्या रेघांवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

"ह्यो समदा तरास?"

"हो."

"आन् वर काईच न्हाई."

"वरती तुम्ही त्यांना सावलीत बांधलं होतं."

त्यांनी बोट वरच्या कोऱ्या पट्टीवर नेलं. मग पान माझ्याकडे न देता नातीला हाक मारून म्हणाले, "हिकडं ये, बघ. ही वरली रांग माजी हाय."