डाव्या हातचा भंडारा

खानापुराकडच्या आमच्या गावात लक्ष्मीच्या भंडाऱ्याची परात आमच्या घरात असती. देवीम्होरं शपथ घ्यायची तर ती हळद आमच्याच घरच्या हातानं पडाय लागती, न्हायतर शपथ लागू हुत न्हाय. एवढा मान दुसऱ्या कुठल्या घराला हाय सांगा! मी चार बुकं शिकलो, कुस्तीत धा गावचं गडी पाडलं, पर बापानं परात दिली धाकट्या नागोजीला. बरोबरच केलं. मला राग लवकर येतोय. नागोजी शांत. असला भाऊ अख्ख्या तालुक्यात कुनाला न्हाय.

इंग्रजाच्या राज्यात लोकल बोर्डाची निवडणूक लागली. सारा भरनाऱ्यांनाच मत. आमच्या गावचा इनामदार उभा ऱ्हायला, बेळगावचा येक वकील त्येच्या इरोधात. इनामदारानं सांगावा धाडला, मत असलेल्या समद्यांनी देवळात येऊन भंडारा उचलायचा आनि मत इनामदारालाच घालीन म्हनायचं. भंडारा उचलून शब्द मोडला तर वंश बुडतोय, ही भीती आमच्याकडं घराघरात.

देऊळ भरलं. इनामदाराचा गडी परशराम दांडकं घिऊन दारात हुबा. नागोजी परात मांडीवर घिऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसलेला.

"वाट की रं," इनामदार म्हनला.

"न्हाय वाटनार, मालक."

"का? वकिलाला फितूर झालास व्हय?"

"न्हाय. मत तुमालाच घालायचं मनात हाय. गावची हीर तुमी खांदलीसा. पर ते माझं मी घालनार. देवीला मधी आनू नगा."

मानसं हासली. इनामदाराचं तोंड लालबुंद झालं. परशरामानं उस्मान नदाफाची मानगूट धरून त्येला फुडं ढकललं. उस्मान गाद्या पिंजनारा, थोडं रान असल्यानं त्येला बी मत.

"आधी ह्येला दे. बघू, मुसलमानाला भंडारा कसा लागू हुत न्हाय!" परशराम म्हनला.

"जत्रंत मी आपल्या पायानं यिऊन कपाळाला लावतो," उस्मान म्हनला. "तवा मानगूट धराय कोन येत न्हाय."

परशरामानं त्येच्या तोंडावर दांडकं हानलं. दात फरशीवर पडला. नागोजीनं परात आत देवीम्होरं सारली आनि दार अडवून हुबा ऱ्हायला.

मी तवा मळ्यात हुतो, ह्ये समदं मला मागनं कळलं. नागोजीची बायको जयाबाई बोंबलत आली, "अण्णा, ह्येंचा हात ठेचाय लागल्यात वो!"

मी धावलो. इनामदाराच्या चौघा गड्यांनी त्येला पाडलेलं, उजवा हात उंबऱ्यावर दाबलेला, आनि परशराम दगड घिऊन इचारतोय, "देतोस का?" आनि हानतोय. "देतोस का?" पुन्यांदा हानतोय. बोटांची हाडं कातडीतनं भाईर आलेली. नागोजी वरडत हुता, पर हो म्हनत नव्हता.

मग माझी काठी बोलली. परशरामाचा जबडा फोडला, दुसऱ्याचा गुडघा. तिसरा खांबावर डोकं आपटून पडला, बाकीचं पळालं. माझी बी टाळू फुटली, डोळ्यात रगात उतरलं, तरी मी हाटलो न्हाय. इनामदार मागल्या दारानं पळाला. शपथ झालीच न्हाय.

मताच्या दिवशी नागोजी तापानं फनफनलेला. हात फडक्यात बांधून, गाडीत घालून मी त्येला खानापूरला नेला. पडद्याआड दोघा उमेदवारांच्या येगयेगळ्या रंगाच्या पेट्या. मत घेनारा सायेब म्हनला, "तुला जमंल का? कुनाला घालायचं सांग, मी घालतो." दारात इनामदाराची मानसं कान लावून हुबी.

"हात मोडलाय, सायेब. पाय हाईत," म्हनून नागोजीनं मताचा कागद दातात धरला आनि पडद्याआड गेला.

वाटंत मी इचारलं, "कुनाला घातलंस?"

"तू बी सुरू केलंस व्हय, अण्णा?"

"मी थोरला हाय तुझा! मुस्कटात दीन!"

"दे की," म्हनला आनि डोळं मिटून पडला.

इनामदार निवडून आला. गुलाल उधळत, हलगी वाजवत देवळात आला, भंडारा लावून घ्यायला. मी काठी घिऊन दारात. नागोजी मागनं म्हनला, "अण्णा, सर. दर्शनाला आलाय त्यो."

मला सरावं लागलं. अख्ख्या जल्मात मी कुनाम्होरं सरलो न्हाय, त्येच्याम्होरं सरलो.

नागोजीनं परात गुडघ्यावर टेकवली, डाव्या हातानं चिमूट उचलली आनि इनामदाराच्या कपाळाम्होरं धरली. हलगी थांबली. देवाचं काय बी आमच्यात डाव्या हातानं घेत न्हाईत.

"डावा हात?" इनामदार म्हनला.

"उजवा ह्याच उंबऱ्यावर मोडला, मालक. आता ह्योच हाय."

इनामदारानं त्या फडक्यातल्या हाताकडं बघितलं, मानसांकडं बघितलं. कपाळ कोरडं ठिवूनच पायऱ्या उतरून गेला.

नागोजीची चिमूट तशीच वर.

"फुडं कोन हाय?" त्येनं इचारलं.