जाळीतले दाणे

भांडी घासण्यातून सुटका व्हावी म्हणून डिशवॉशर आणला. आता दर रविवारी त्याच्यापुढे मांडी घालून मी त्यालाच घासते. आज तळाशी पाणी तुंबलं होतं. निचऱ्यावरची जाळी काढली आणि जुन्या टूथब्रशने खरवडायला घेतली. मोहरी निघाली, कढीपत्ता निघाला, लिंबाची बी निघाली. आणि मूठभर शेंगदाणे, अख्खेच्या अख्खे.

पोह्यांतले दाणे टाकतं कोण? चिडून बसल्या जागेवरून मुलांना हाक मारणार, तेवढ्यात बाबा, माझे सासरे, आठवले. हल्ली ते सगळ्यांचं झाल्यावर खायला बसतात आणि न सांगता आपली बशी मशीनमध्ये ठेवून येतात. "आजोबांकडून शिका जरा," असं मी मुलांना कितीदा ऐकवलंय. मध्यंतरी त्यांची दाढ दुखत होती. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "छे गं, ठणठणीत आहे."

बशी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून होतं ते सगळं.

घरात कुणाला काय चाववत नाही, हे बहुधा घासणाऱ्यालाच कळतं. कळलं म्हणून कंबर दुखायची थांबत नाही, एक काम तेवढं वाढतं.

सोमवारी दाण्यांचं कूट करून पोह्यांत घातलं. मुलं कुरकुरली. बाबांनी दुसऱ्यांदा घेतले आणि पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

त्यांची बशी टेबलावरच राहिली होती, चाटूनपुसून लख्ख. ती मी उचलली.