वाटेत गळणारे बाण

आम्ही बहीण-भाऊ मिळून वडिलांच्या मेंढरांवर पुस्तक लिहायला बसलो, तेव्हा भांडण झालंच तर मेंढरांवरून होईल असं मला वाटलं होतं. ते झालं कॉम्प्युटरवरून.

मी सोलापुरात कॉलेजात शिकवते, धाकटा भाऊ नातेपुत्याच्या शाळेत. मला मुद्दे एकाखाली एक लागतात. मथळा, त्याच्या पोटात उपमथळा, त्याच्या पोटात तपशील. तसा आउटलाइनचा प्रोग्रॅम मी वापरते. भावाला मात्र माइंड मॅप हवा. मधोमध 'दादांचा कळप' (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) आणि चहूबाजूंनी रंगीत फांद्या.

"यादी बघितली की मला झोप येती, आक्का," तो म्हणाला. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणून मी सोडून दिलं.

दोन्ही प्रोग्रॅमना वाचता येणारी ओपीएमएल नावाची एक मधली फाइल असते. मी तिच्यातून आउटलाइन पाठवली की त्याच्याकडे तिच्या फांद्या व्हायच्या. त्याने भर घालून परत पाठवली की माझ्याकडे पुन्हा यादी. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा चहा पार गार होईपर्यंत मी बघत बसले. मग मला चाळा लागला. वाटेत काय टिकतं आणि काय गळतं ते बघायला मी त्याला मुद्दाम एकेक गोष्ट घालायला सांगू लागले. मथळे टिकले, क्रम टिकला. रंग गळले, मेंढवाड्याचा फोटोही गळला.

शेवटच्या प्रकरणाशी मात्र गाडी अडली. त्यात 'कळप विकला' हा मुद्दा मी 'दुष्काळ' या मथळ्याखाली ठेवला होता. दादा आजवर तेच सांगत आलेत, की चारा संपला म्हणून मेंढरं विकली. पुस्तक त्यांच्याच हातात द्यायचं होतं, त्यामुळे हे प्रकरण चुकून चालणार नव्हतं.

"त्ये चुकलंय. म्या दुरुस्त करून धाडलंय की," भाऊ फोनवर म्हणाला.

मी फाइल उघडली. सगळं जसंच्या तसं. पुन्हा मागवली, तरी तेच. तो म्हणे केलंय, मी म्हणे दिसत नाही. "तुला बघायचंच न्हाय," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मलाही राग आला, पण माझी चौकस खोड रागाला पुरून उरते. स्क्रीनचा फोटो पाठव, असं मी त्याला कळवलं.

फोटोत फांद्यांवरून आडवेतिडवे तुटक बाण गेले होते. माझ्या यादीत प्रत्येक मुद्द्याला एकच घर. त्याच्या नकाशात मुद्दा एका घरी राहून दुसऱ्या घराकडे बोट दाखवू शकत होता, आणि मधल्या फाइलला हे बोट दाखवणं ठाऊकच नव्हतं. हा शोध लागल्यावर मी इतकी खूश झाले की बाण जातोय कुठे, ते बघायचंच राहिलं.

'कळप विकला' वरून निघालेला बाण 'आक्काचं कॉलेज' या फांदीवर जाऊन टेकला होता.

मी भावाला फोन लावला. "हे काय रे?"

"चारा हुता की त्या साली. मीच जायाचो मेंढरांमागं. वड्याकडंला लई गवत," तो म्हणाला. "तुझ्या हॉस्टेलचं भरायचं हुतं म्हणून दादांनी मेंढरं इकली. आक्काला बोलायचं न्हाय, अशी ताकीद हुती. म्हणून बोललो न्हाय. बाण काढला."

मला रडू आलं. जरा सावरल्यावर मी दादांना फोन केला. "दादा, कळप विकला त्या साली चारा होता का हो?"

"कुटला चारा गं? पावसानं दगा दिला हुता," दादा म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही.

"व्हय," मी म्हणाले.

मग आउटलाइन बंद केली आणि त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहिलं: त्या साली ओढ्याकडेला भरपूर गवत होतं.