पाय धुवा, फोटो काढायचाय

"पाय वर कर गं."

मी पाय वर केला. आप्पांनी मोटारीची नळी माझ्या पोटरीवर धरली. ऐन थंडीचे दिवस, पाणी बर्फासारखं. "घासा नीट. फोटोत काळा चिखल दिसला तर माझं बी वाटुळं आन् तुमचं बी." बांधावर आम्ही नऊ जणी ओळीनं उभ्या. बैल धुतात तसे आप्पा एकेकीचे पाय धूत होते. त्यांचे दोन पाहुणे बघून हसत होते. मीपण हसले.

ते हसणं आठवलं की आजही मान वर होत नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, पाबळच्या अंगाला. कांद्याचं गाव. आप्पा मोठे बागायतदार, पंचायतीत त्यांचा शब्द चालतो. मी लागणीच्या टोळीची मुकादम. मागच्या हंगामात आमच्या वस्तीच्या वरच्या माळावर रोजगार हमीचं काम निघालं. उताराला आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी मुरून खालच्या आमच्या विहिरीला येईल. बाया तिकडं गेल्या आणि गावाला कांदा लावायला हात मिळेनात. रोज वाढवावा लागला. लहान शेतकऱ्यांनी घरची माणसं घेऊन, कुरकुर करत का होईना, लागण उरकली. आप्पांना मात्र ते फार लागलं. "सरकारनं बाया माजवल्या," असं ते चारचौघांत म्हणायचे.

यंदा काम पुन्हा निघालं तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. "सकाळी माळावर जावा, हजेरीचा फोटो काढा. मग माझ्या पिकअपात बसा, कांदा लावा. दुपारच्याला परत माळावर, दुसरा फोटो. सरकारी मजुरी खात्यात यील, वर निम्मा रोज माझ्याकडनं. हाय का न्हाई?"

मला वाटलं, हुशारी म्हणतात ती हीच. बायांना मीच तयार केलं. रोजगार हमीची जॉबकार्डं गोळा करून मीच आप्पांच्या कपाटात ठेवली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मला लपवायचं नाही.

फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. कांदा भिजवलेल्या वाफ्यात लावतात, गुडघ्यापर्यंत काळा चिखल होतो. माळ कोरडा, मुरमाड. पहिल्याच दिवशी दुपारच्या फोटोत आमचे पाय ओरडून सगळं सांगत होते. हजेरी घेणाऱ्या रोजगार सेवकानं तो फोटो पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून नळी सुरू झाली.

टोळीत सगळ्यात म्हातारी शकूमावशी. तिच्या टाचांना भेगा, त्यात खताचं पाणी गेलेलं. एक दिवस ती नळीपासून मागं सरली. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "मुकादमीन, तू घास तिचे." मी खाली बसले आणि दगडानं तिचे पाय घासले. ती कण्हली तरी थांबले नाही. पाहुण्यांसमोर मला माझी मुकादमी दाखवायची होती.

मावशी रागावली नाही. पिकअपात बसताना म्हणाली, "आगं, आपुन त्यो चर कवा खांदायचा? पावसाचं पानी थांबाया नगं व्हय हिरीला?"

माळावर यंदाचा चर एकच होता, पहिल्या दिवशी सकाळी फोटोपुरता खणलेला. त्याच्याच काठावर उभं राहून आम्ही रोज फोटो काढत होतो. उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत वाकून बघणार होतो आम्हीच. माझ्या नखात तिच्या पायाची माती होती.

दुसऱ्या दिवशी बांधावर नळी आली. मी पाय वर केला नाही.

"काय गं?"

"न्हाई धुयाचं, आप्पा."

"मग उद्यापासनं माझ्या वावरात पाय ठिवू नको."

"बरं."

तशीच पिकअपात बसले. माळावर पुढच्या रांगेत उभी राहिले, गुडघ्यापर्यंत काळी. रोजगार सेवक कुजबुजला, "ताई, मागं व्हा की, पाय दिसत्यात." म्हटलं, "दिसू दे. त्यासाठीच पुढं आलीये." मावशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. तीही धुतल्याशिवाय आली होती. बाकीच्या सात जणी खाली बघत होत्या.

सोमवारी शिरूरला पंचायत समितीत जाऊन लिहून दिलं. हजेरी खोटी होती, बाया मी नेल्या. खोटं करणाऱ्यांत पहिलं नाव माझंच घातलं. टोळीतल्या बाया आता बोलत नाहीत माझ्याशी. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या पोटावर पाय मीच दोनदा दिला, आधी त्यांना खोट्यात नेऊन आणि मग ते लिहून देऊन. चौकशी होईल, मजुरी परत मागतील. देईन.

आप्पांच्या कपाटातून माझं कार्ड घेऊन आले आहे. ग्रामपंचायतीत कामाच्या मागणीचा अर्ज दिला आणि तारखेची पोच मिळेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. यापुढं कांदा लावायला गेले तर आधी मजुरी ठरवून जाईन आणि चिखलाच्या पायांनी गावातून घरी येईन. माळावर गेले तर संध्याकाळी तिथं खणलेला चर दिसेल. आणि मावशीच्या पायाला मी पुन्हा हात लावीन तो तिनं बोलावलं तर, तेल घेऊन.